जाफिदा : ‘पकडले जाणे’ की ‘सापडणे’?

प्रश्न : कोरियनमध्ये ‘जाप्ता’ म्हणजे पकडणे, ‘जाफिदा’ म्हणजे पकडले जाणे. ‘बोदा’ पाहणे, ‘बोइदा’ पाहिले जाणे. वहीत असं लिहून घेतलंय, पण मालिका बघताना ‘पाहिले जाणे’ कुठेच बसत नाही. शिवाय क्रियापदाचं असं रूप करणाऱ्या इ, हि, रि, गि या प्रत्ययांपैकी कुठे काय लावायचं?

प्रतिसाद : ‘पाहिले जाणे’ खोडा आणि ‘दिसणे’ लिहा. आपल्याकडे पाहणे-दिसणे, ऐकणे-ऐकू येणे, विकणे-खपणे अशा जोड्या आहेतच. ‘फाल्लिदा’ म्हणजे माल खपणे, ‘माखिदा’ म्हणजे रस्ता तुंबणे. इंग्रजीतून शिकलेला कर्मणी प्रयोग मध्ये आणला की घोळ होतो.

खरी गंमत ‘एगे’ची. मित्राला काही द्यायचं तर ‘मित्र’ला ‘एगे’ हा प्रत्यय लागतो, आपल्या ‘-ला’सारखा. आता चोर पकडला गेला ते वाक्य बघा : ‘दोदुगि ग्यॉंगछारेगे जाफ्यॉत्ता’. ग्यॉंगछाल म्हणजे पोलीस, आणि त्यांनाही तोच ‘एगे’. चोर पोलिसांना सापडला! ‘पोलिसांकडून’ची गरजच नाही. ‘कडून’च्या जवळचा ‘ए उइहे’ आहे, पण तो बातम्या-निबंधांतला. 1443 साली सेजोंग राजाने हांगुल लिपी तयार केली, हे बोलताना सरळ कर्तरीतच सांगतात.

मात्र मराठी दर वेळी हात देत नाही. आपल्याला डास चावतो. कोरियन माणूस ‘मोगिएगे मुल्ल्यॉस्सॉयो’ म्हणतो, म्हणजे जवळजवळ ‘डासाकडून चावलो गेलो’. मराठीत असं बोललात तर लोक डास सोडून तुमच्याकडे बघतील.

प्रत्ययांचं म्हणाल तर साधारण कल असा : धातू स्वरान्त असेल तर ‘इ’, ल-कारान्त असेल तर ‘रि’ (मुल्दा-मुल्लिदा), क-त-प अशा अंत्य व्यंजनांना ‘हि’, न-म ला बहुधा ‘गि’ (आन्ता-आन्गिदा, कुशीत घेणे-कुशीत येणे). अपवाद आहेत, आणि कित्येक क्रियापदांना हे प्रत्यय लागतच नाहीत. म्हणून जोडीनेच पाठ करा. ‘हि’ लागल्यावर उच्चारही बदलतो : ‘दात्ता’ (बंद करणे) याचं ‘दाछिदा’ होतं.

उपप्रतिसाद : एक भर. ‘बोइदा’चा दुसरा अर्थ ‘दाखवणे’ही आहे. वाक्यात कर्माचा प्रत्यय दिसला की दाखवणे, नाहीतर दिसणे.

आणि ‘इछिदा’ (विसरलं जाणे) याला वर आणखी ‘-ऑजिदा’ जोडून ‘इछ्यॉजिदा’ सर्रास ऐकू येतं. व्याकरणवाले त्याला दुहेरी कर्मणी म्हणून नावं ठेवतात. बोलताना चालतं, टॉपिकच्या (कोरियन भाषेच्या परीक्षेच्या) पेपरात मी तरी ‘इछिदा’च लिहीन.

मूळ प्रश्नकर्ता : आणि ‘दांगहादा’?

प्रतिसाद : ते वाईट गोष्टींसाठी. ‘सागिदांगहादा’ म्हणजे फसवणूक वाट्याला येणे, ‘गॉजॉलदांगहादा’ म्हणजे नकार पदरी पडणे. चांगलं काही मिळालं तर ‘बात्ता’ : ‘सारांगबात्ता’, प्रेम मिळणे. प्रेमाला ‘दांगहादा’ लावू नका, समोरचा काळजीत पडेल.