गाळा नं. 3 चा बोर्ड (बेळगावातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-302 काकू: नमस्कार मंडळी. खालचा गाळा नं. 3 कुणाला दिलाय? सकाळी भाजीला उतरले तर बोर्ड चढवूलालेत. वर मोठ्या अक्षरात कन्नड, खाली इंग्रजीत 'फ्रेश ब्रूज'. आमच्या ह्यांनी मोबाईलवर शोधलं तर नुसते बीअरचे ग्लास आले. बार काढूलालाय काय सोसायटीत?

ए-101: अरे देवा. शेजारी मारुतीचं देऊळ आहे.

सी-204: टिळकवाडीत प्यायला जागा कमी पडलीय काय, म्हणून आमच्या जिन्याखाली?

डी-103 आजोबा: ब्रू म्हणजे कॉफी. आमच्याकडं वर्षानुवर्षं तेच पाकीट येतंय. उगाच घाबरवू नका लोकांना.

बी-302 काकू: आजोबा, पाकिटावरचं स्पेलिंग वेगळं. बोर्डावर यूच्या जागी ई आणि डब्ल्यू आहे.

सी-401 (सध्या बेंगळुरू): काकू, इकडं बीअरवाले पण ब्रू लिहितात आणि कॉफीवाले पण. नुसत्या बोर्डावरून काही कळत नाही, आत काय मशीन आहे ते बघा.

सी-204: मशीन गोणपाटात गुंडाळलंय बे. मोठ्ठं हाय.

ए-204 सर: मी सांगतो. पाण्यात एखाद्या वस्तूचा अर्क उतरवून पेय करायचं, त्याला इंग्रजीत ब्रू करणं म्हणतात. चहा, कॉफी त्यात आली. बीअरही त्यातच येते, पण तिचं काम लांबलचक. बार्लीला मोड आणून वाळवायचे, भरडायचे, साधारण 65 अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचे. मोड आल्यामुळं धान्यात जे एन्झाइम तयार होतात, ते तेवढ्या वेळात स्टार्चची साखर करतात. मग ते गोड पाणी गाळून हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, त्यातून दारू आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. गार न करता यीस्ट घातलं तर ते मरतं, सगळी मेहनत वाया.

सी-204: सर, तुम्हाला बरंच माहिती हाय की 😄

ए-204 सर: चाळीस वर्षं केमिस्ट्री शिकवलीय रे. तुझ्या बॅचलाही हे शिकवलं होतं, तू मागच्या बाकावर झोपला होतास.

ए-101: पण मग चहा आणि बीअर एकाच शब्दात? फरक कुठं राहिला?

ए-204 सर: फरक यीस्टचा. चहा-कॉफीत आंबवणं नाही, पाच-दहा मिनिटांत काम संपतं. बीअरला आठवडे लागतात आणि अबकारी खात्याचं लायसन्स लागतं. आपण दारात जाऊन लायसन्स आहे का एवढं विचारलं तरी भागतं, शब्दावर का अडायचं?

बी-302 काकू: मग फेणी? चोर्ला घाटाच्या पलीकडं, गोव्यात जे मिळतं ते?

ए-204 सर: फेणीला ब्रू म्हणत नाहीत. काजूच्या बोंडांचा रस आंबवतात खरा, पण पुढं भट्टीवर चढवून वाफ गार करतात, ते डिस्टिल करणं. एकदा गाळली की हुर्राक, परत गाळली की फेणी. वाइनलाही ब्रू म्हणत नाहीत. द्राक्षात साखर आयतीच असते, धान्यासारखी ती तयार करून घ्यावी लागत नाही.

डी-103 आजोबा: आणि आंबील?

ए-204 सर: आंबील आंबते ती मुख्यतः दह्यात असतात तसल्या जिवाणूंनी. आंबटपणा येतो, नशा येत नाही. तिला इंग्रजीत ब्रू म्हणताना मी तरी ऐकलं नाही. निर्धास्त प्या.

ए-302: माझी मुलगी मँचेस्टरला आहे. तिकडं शेजारीण 'ब्रू घेतेस का' म्हणते, म्हणजे चहा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दचकलीच होती.

सी-401 (सध्या बेंगळुरू): आमचा मॅनेजर मीटिंगच्या आधी 'समथिंग इज ब्रूइंग' म्हणतो. म्हणजे आपल्याकडं 'काहीतरी शिजतंय' म्हणतात ना, तेच. तेव्हा चहा पण मिळत नाही.

बी-302 काकू: आपण दूध-साखर घालून खळाखळा उकळतो त्या चहाला काय म्हणायचं?

ए-204 सर: तोही ब्रूच. साहेबाची पद्धत उकळतं पाणी पत्तीवर ओतून तीन ते पाच मिनिटं झाकून ठेवायची, नंतर गाळायचं. जास्त वेळ ठेवलं की टॅनिन उतरून तुरट लागतं. आपण भरपूर उकळतो, पण दूध तो तुरटपणा खातं. ग्रीन टीला मात्र उकळतं पाणी घालू नका, 80 अंशाच्या आसपास पुरे, नाहीतर कडू होतो. आणि आजोबा, तुमच्या पाकिटातल्या कॉफीचं ब्रू करणं कारखान्यातच उरकलेलं असतं. अर्क काढून वाळवलेला. आपण फक्त विरघळवतो.

डी-103 आजोबा: म्हणजे घरात कॉफी करतच नाही आम्ही?

बी-101 वहिनी: आजोबा, या एकदा आमच्याकडं. माझं माहेर धारवाडचं, डिकॉक्शनशिवाय, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या कॉफीच्या अर्काशिवाय, चालत नाही. स्टीलचा फिल्टर. वरच्या भांड्यात पावडर घालायची, दांड्याची चकती वरून हलकी दाबून ठेवायची. इथंच सगळे चुकतात. जोरात दाबली की थेंब उतरत नाही, नुसती ठेवून दिली तर पाणी भसकन खाली जातं आणि डिकॉक्शन पाणचट. उकळी आलेलं पाणी क्षणभर थांबवून ओतायचं, झाकण लावायचं, पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. पहिला डिकॉक्शन घट्ट, पाहुण्यांना. त्याच पावडरवर दुसऱ्यांदा पाणी घातलं की घरच्यांना.

सी-204: वहिनी, आम्ही पाहुणे की घरचे?

ए-104 सेक्रेटरी: मंडळी, थांबा जरा. गाळेवाल्याशी आत्ता बोललो. चिकमगळुरूची कॉफी आणून इथंच भाजणार-दळणार. गोणपाटातलं ते ग्राइंडर आहे. मेन्यूत चहा, फिल्टर कॉफी, कोल्ड ब्रू आणि 'कोंबुचा' आहे. बीअर नाही.

बी-302 काकू: कोल्ड ब्रू म्हणजे? गार बीअर?

सी-401 (सध्या बेंगळुरू): नाही हो काकू. जाडसर दळलेली कॉफी गार पाण्यात 12 ते 18 तास भिजत ठेवायची, मग गाळायची. आंबट-कडूपणा कमी उतरतो. मार्च-एप्रिलात बरी लागते.

बी-302 काकू: अठरा तास? तेवढ्यात माझं इडलीचं पीठ भांड्याबाहेर येतंय.

ए-101: आणि कोंबुचा काय प्रकार?

ए-204 सर: हा मात्र विचारण्यासारखा. गोड चहा गार करून त्यात जिवाणू आणि यीस्टची जाडसर साय सोडतात, आठवडा-दोन आठवडे ठेवतात. आंबट, फसफसणारं होतं. यीस्ट आहे म्हटल्यावर थोडं अल्कोहोल होणारच. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त असेल तर ते मद्य धरतात. त्यामुळं बाटलीवर लेबल बघायचं आणि फ्रिजमध्येच ठेवायची. बाहेर उन्हात राहिली तर आतलं काम चालूच राहतं, प्रमाण वाढतं. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नये असं माझं मत.

बी-302 काकू: उपासाला?

ए-204 सर: उपासाचं मला विचारू नका, ते खातं तुमच्याकडं.

ए-104 सेक्रेटरी: करारात मी तीन गोष्टी घालतोय. लायसन्स लागणारं कुठलंही पेय इथं ठेवायचं नाही. ग्राइंडर आणि भाजणी सकाळी आठच्या आधी नाही, रात्री नऊनंतर नाही. कॉफीचा चोथा मोरीत सोडायचा नाही, गेल्या पावसात आपलं ड्रेनेज तुंबलं होतं ते लक्षात असेल. बोर्डाचं त्यांनी कर्नाटकाच्या नियमाप्रमाणं केलंय, 60 टक्के कन्नड, त्यावर आपण बोलायचं नाही. ग्रुपवर तर अजिबात नाही.

ए-101: भाजण्याचा धूर कुठं सोडणार? माझी बाल्कनी बरोबर वर आहे.

ए-104 सेक्रेटरी: चिमणी गच्चीपर्यंत न्यायला सांगतो. लेखी घेतो.

ए-302: चोथा मला द्या, गुलाबाला घालते.

ए-204 सर: थेट बुंध्याशी थर देऊ नका, वाळून पापडी धरते, पाणी मुरत नाही. पालापाचोळ्यात मिसळून कुजवा.

सी-204: सेक्रेटरी अण्णा, सोसायटीवाल्यांना रेट कमी असणार का, ते राहिलं की विचारायचं.