मदत हवी आहे: होम थिएटरवर संवाद ऐकू येत नाहीत, संगीताने मात्र भिंती हादरतात

खिडकीतला कावळा
लोकहो, नवीन ५.१ (पाच स्पीकर आणि धमाक्यांच्या खर्जाचा एक सबवूफर) बसवून घेतलाय. सिनेमा लावला की माणसं कुजबुजतात. काय बोलतायत कळावं म्हणून आवाज चढवावा, तर तेवढ्यात पार्श्वसंगीत असं अंगावर येतं की आतल्या खोलीतून आई ओरडते. कमी केला की पुन्हा कुजबुज. अख्खा सिनेमाभर रिमोट हातात. बायको म्हणते, टीव्हीचा आवाज काय वाईट होता? सेटिंगमध्ये नेमकं काय बदलायचं तेवढं सांगा. कान तपासून झालेत, तो सल्ला नको. शनिवारी पाहुणे यायचेत, त्याआधी उत्तर मिळालं तर उपकार होतील.

तिरफळ
५.१ म्हणजे रिसिव्हर (सगळे स्पीकर चालवणारं यंत्र) आणि सुटे स्पीकर, की साउंडबार (टीव्हीखालचा एकच लांब स्पीकर) आणि मागे दोन डबे? टीव्हीपासून जोडणी कशाने केलीय, एचडीएमआय की ऑप्टिकल? सिनेमे कशावर बघता? मधला स्पीकर कुठे ठेवलाय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

डेसिबल काका
मुख्य आवाजाला हातच लावू नका. ५.१ मध्ये बोलणं जवळजवळ सगळं मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरला दिलेलं असतं. संगीत बहुतेक डाव्या-उजव्यात आणि थोडं मागे, धमाके सबवूफरला. मुख्य आवाज वाढवला की सगळेच वाढणार, मग फरक कसा पडेल? मेनूत स्पीकर लेव्हल नावाचं पान असतं, तिथे एकटा सेंटर ३ डीबीने (डेसिबलने) चढवा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

अनाहूत पाहुणा
सगळं विका आणि साउंडबार घ्या. आमच्याकडे आहे, एक वायर, एक रिमोट, व्हॉइस मोडचं बटण दाबलं की संवाद खणखणीत. रिसिव्हर हे रिकामटेकड्यांचे धंदे आहेत.

डेसिबल काका
अहो पाहुणे, त्यांनी 'काय घेऊ' असं विचारलेलंच नाही. घेऊन झालंय.

कोथिंबीर
दोष स्पीकरचा नाहीच. हल्लीचे नट पुटपुटतात. पूर्वी स्टुडिओत डबिंग व्हायचं, प्रत्येक अक्षर सुटं ऐकू यायचं. आता सिंक साउंड म्हणून सेटवरचाच आवाज घेतात, त्यात पंखा, गाड्या, कुत्री सगळं येतं. आम्ही मराठी सिनेमासुद्धा सबटायटल लावून बघतो. मातृभाषेतला!

बोरीबंदर
कोथिंबीर, असहमत. सिंक साउंडमध्ये नटाच्या छातीवर लेपल माइक असतो, वरून काठीला लावलेला बूम माइक असतो, कुत्री-बित्री सगळी साफ करतात. संवाद बुडतो तो मिक्सिंगला. दिग्दर्शकाने पटकथा शंभर वेळा वाचलेली असते, त्याला बोलणं पाठ असतं. त्यामुळे संगीत कितीही चढवलं तरी त्याला शब्द ऐकू येतातच.

खिडकीतला कावळा
सुटे स्पीकर आहेत, रिसिव्हर आहे. मॉडेल नंबर मागच्या बाजूला आहे, त्यासाठी अख्खा कपाटातून ओढावा लागेल. एचडीएमआय. सिनेमे ॲपवर. सेंटर टीव्हीखाली, बाकीचे जागच्या जागी. काकांचं ऐकून सेंटर ३ ने चढवला, आता कुजबुज जरा जवळून ऐकू येते इतकंच. आणि हो, बातम्या, क्रिकेट एकदम ठणठणीत. रडारड फक्त सिनेमाला.

न्यूजर्सीकर
सिनेमागृहात पडद्यामागच्या प्रत्येक चॅनेलची, म्हणजे एकेका स्पीकरला दिलेल्या आवाजाची, पातळी ८५ डीबीला बांधलेली असते आणि वर १०५ पर्यंत जायला मोकळीक असते, सबला ११५. घरात एवढ्या आवाजात कोणीच ऐकत नाही. सगळं खाली आणलं की बोलणं तळाला जातं आणि धमाके तरीही मोठेच राहतात. उपाय सोपा आहे, रिसिव्हरमध्ये नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन असतं, ते सुरू करा. मोठे आवाज दबतात, लहान वर येतात. इथे लाकडी घरं, पोरं झोपली की आमच्याकडे तोच चालू.

डेसिबल काका
नाइट मोड म्हणजे पुरणपोळीवर पाणी ओतणं. मग ५.१ घेतलाच कशाला? शिवाय डॉल्बीचं कॉम्प्रेशन सिग्नल डॉल्बी म्हणून आला तरच चालतं. टीव्हीचं आउटपुट पीसीएमवर (टीव्हीनेच आधी उलगडलेला आवाज) असेल तर तो पर्याय करडा दिसतो, निवडता येत नाही.

न्यूजर्सीकर
काका, रात्री दोन पोरं उठली की पुरणपोळी कोण खातंय!

सुपारी कातरणारा
स्टॅबिलायझर लावलाय का? आमच्या गावाकडे व्होल्टेज खाली-वर होऊन ॲम्प्लिफायर गेला होता. स्वस्तातला घेऊ नका.

तिरफळ
बातम्या ठणठणीत, हे तुम्ही फार कामाचं सांगितलंत. बातम्या दोन चॅनेलच्या, म्हणजे त्यांचा आवाज फक्त डावा आणि उजवा. रिसिव्हर साध्या स्टिरिओवर असेल तर निवेदकाचा आवाज डाव्या-उजव्यातून निघतो, सेंटरचा संबंधच येत नाही. म्हणजे ॲप, नट, दिग्दर्शक सगळे निर्दोष, घोळ सेंटरपाशीच आहे. माइक लावून कॅलिब्रेशन, म्हणजे स्पीकरची अंतरं आणि पातळ्या मोजून जुळवणी, कोणी केलं? मेनूत स्पीकर डिस्टन्सचं पान उघडा आणि दिसतील ते आकडे जसेच्या तसे लिहा. लेव्हलचेही.

खिडकीतला कावळा
दुकानाचा माणूस येऊन करून गेला, टूं टूं असे आवाज आले आणि 'झालं साहेब' म्हणाला. घ्या आकडे.
डिस्टन्स: डावा १.३ मीटर, उजवा १.४, सेंटर ०.६, मागचे ३.९ आणि ४.१.
लेव्हल: सेंटर आता उणे ५ (आधी उणे ८ होता), मागचे अधिक ४.५ आणि अधिक ५, पुढचे दोघे उणे ३.
याचा आवाजाशी काय संबंध?

बोरीबंदर
सेंटर ०.६? कावळोबा, तुम्ही टीव्हीला नाक लावून बसता का? :)

तिरफळ
सापडलं. हे आकडे तुमच्या सोफ्यावरून घेतलेले नाहीत. त्या माणसाने माइक टीव्हीच्या टेबलावरच ठेवलाय, वायर पुरली नसेल किंवा उठायचा कंटाळा. माइक जिथे असतो तिथे तुमचं डोकं आहे असं रिसिव्हर धरून चालतो. त्याला सेंटर दोन फुटांवर बोंबलताना ऐकू आला, म्हणून त्याने तो ८ डीबीने दाबला. मागचे लांब वाटले, म्हणून ते चढवले. संवादाचा गळा दाबलेला आणि संगीत तुमच्या कानाशी वाढवलेलं. वर ३ डीबी चढवून काय होणार, तो अजून उणे पाचवर आहे. वेळेचंही तेच. सेंटर जवळ आहे समजून त्याचा आवाज नऊ-दहा मिलिसेकंद मागे धरून ठेवलाय.
माइक सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे, कानाच्या उंचीला लावा. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड असेल तर उत्तम, सोफ्याच्या पाठीला टेकवू नका. पंखा, फ्रिज, आई, सगळे शांत. पुन्हा चालवा. नंतर सेंटरचं अंतर टेपने मोजून ताडून बघा.
सेंटर टीव्हीखाली आहे म्हणालात, तर तो गुडघ्यांशी बोलत असणार. पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा देऊन तोंड वर करा आणि फडताळात आत ढकललेला असेल तर कडेपर्यंत ओढा.

डेसिबल काका
तिरफळांना दणकून अनुमोदन. कॅलिब्रेशन झाल्यावरसुद्धा सेंटर १-२ डीबी चढवलात तर कोणी तुरुंगात टाकत नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झला ठेवा.

अनाहूत पाहुणा
एवढ्या उपद्व्यापात आमचा पूर्ण सिनेमा बघून झाला असता.

लिंबाची फोड
खोलीत पडदे, गालिचा आहे का? नुसत्या फरशा आणि काच असेल तर आवाज उड्या मारतो, शब्द पुसट होतात. आम्ही जाड पडदा लावला, उत्तम फरक पडला. पडदे कुठे घ्यायचे तेही सांगेन.

खिडकीतला कावळा
ट्रायपॉड शेजारून आणला. आता सेंटर ३.४ मीटर, उणे १. मागचे २.१ आणि २.३, उणे ३. टेपने सोफ्यापासून ३.४५ भरलं. रबराऐवजी पोराचे दोन खोडरबर लावलेत. काल सिनेमा पाहिला, संवाद सगळे कळले, रिमोटला दोनदाच हात लावला. नाइट मोड फक्त आई झोपल्यावर लावतो. तिरफळ, मनापासून आभार. दुकानवाल्याला फोन केला तर म्हणतो, 'आम्ही नेहमी असंच करतो साहेब.'
पडद्यांचं बायकोने वाचलंय. लिंबाची फोड, हा उद्योग तुम्ही मला लावून दिलात.

चष्मा हरवलाय
माझ्याकडे जुना २.१ आहे, एकाच बाजूचा स्पीकर खरखरतो. काय करू?

तिरफळ
नवा धागा काढा. आणि कुठला, कशाला जोडलेला, वायरी अदलाबदल करून पाहिल्या का, हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.