जुन्या मिनी डीव्ही शूटिंगचं एमपी४ केलं की नंदीध्वजांना कंगव्याचे दात येतात. काय चुकतंय?

अशोक चौकातली:
नमस्कार. वडील लग्नांची, यात्रेची शूटिंग करायचे. त्यांच्या १२ मिनी डीव्ही कॅसेटींमध्ये २००४ची आपली सोलापूरची गड्ड्याची यात्रा आहे. एका ठिकाणी माझे आजोबा बाराबंदी (यात्रेतला पारंपरिक पांढरा पोशाख) घालून नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच काठी) पेलताना दिसतात. त्यांचं हलतंचालतं रूप आमच्याकडे तेवढंच उरलंय, त्यामुळे एकही चूक नकोय.

कॅमेरा अजून चालू आहे. फायरवायर केबलनं कॉम्प्युटरवर घेतलं, तासाला साधारण १३ जीबीची एव्हीआय फाइल झाली. मोबाइलसाठी एका फुकटच्या कन्व्हर्टरमधून ७२०पी एमपी४ केलं, तर मिरवणूक पुढं सरकली की काठ्यांच्या कडा दातेरी. मग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'टॉप फील्ड फर्स्ट' निवडून बॉब डीइंटरलेस केलं (फ्रेममधल्या एकाआड एक ओळींचे दोन संच वेगळे करून प्रत्येकाची पूर्ण फ्रेम बनवणं). दात गेले, पण माणसं पुढं-मागं थरथरत चालतात. त्यात वडिलांना जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी डीव्हीडीही हवी आहे. कुठून सुरुवात करू?

जुना एडिटर, नवी पेठ:
ताई, आधी एक करा. ती एव्हीआय दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा. फायरवायरनं घेतलंय म्हणजे कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा उतरलाय, त्यात काही गेलेलं नाही. बिघाड सगळा पुढच्या टप्प्यात झाला.

आपली पट्टेदार चादर डोळ्यापुढं आणा. एक ओळ लाल, एक पांढरी. पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत) व्हिडिओच्या फ्रेममध्ये ५७६ ओळी असतात. लाल २८८ ओळी एका क्षणाच्या, पांढऱ्या २८८ त्यानंतर १/५० सेकंदानं टिपलेल्या. ओळींच्या अशा एका संचाला फील्ड म्हणतात, आणि दोन फील्ड गुंफलेल्या चित्राला इंटरलेस्ड. या दोन फील्डांच्या मधल्या वेळात नंदीध्वज आडवा सरकला, म्हणून दात दिसतात. तोवर काही बिघडलेलं नसतं, दोन्ही क्षण शाबूत असतात. कन्व्हर्टरनं मात्र डीइंटरलेस न करताच ५७६ ओळींच्या ७२० केल्या, म्हणजे लाल-पांढरा रंग एकमेकांत कालवला. ती एमपी४ आता दुरुस्त होत नाही, मूळ एव्हीआयवरूनच करा. आधी डीइंटरलेस, मगच आकार बदलायचा. हा क्रम कधीही उलटा करू नका.

थरथरण्याचं कारण वेगळं. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं, 'बॉटम फील्ड फर्स्ट'. तुम्ही टॉप दिलंत, म्हणून नंतरचा क्षण आधी दिसला.

कापाकापी करताना डीइंटरलेस करूच नका. डीव्हीची प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे कुठंही कापलं तरी पुन्हा एन्कोड न करता जोडता येते. नावं किंवा डिझॉल्व्ह टाकाल तेवढाच तुकडा नव्यानं रेंडर होतो. प्रोजेक्ट इंटरलेस्ड, बॉटम फर्स्टच ठेवा.

होटगी रोड:
एवढं कशाला? साधं डीइंटरलेस करून २५ फ्रेमचं केलं की फाइलही लहान होते.

जुना एडिटर, नवी पेठ:
दात जातील, पण सेकंदाला टिपलेल्या ५० क्षणांतले २५ कायमचे जातील. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम २५ वर बघा आणि ५० वर बघा, ठिणग्या कशा पडतात तो फरक लगेच कळतो. यात्रेच्या शूटिंगला मी २५ कधीच करणार नाही.

मोबाइलसाठी हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ हा डीइंटरलेस फिल्टर, त्यात बॉब, फ्रेमरेट स्वतः ५० निवडा. एच२६४, क्वालिटी १७-१८. वेळ असेल तर क्यूटीजीएमसी हा वेगळा डीइंटरलेसर वापरा. खूप हळू चालतं, पण बारीक कडा त्यात सगळ्यांत स्थिर राहतात. पिक्सेल चौरस करून ७६८ बाय ५७६ ठेवा, नाहीतर माणसं थोडी किडकिडीत दिसतील.

डीव्हीडी मात्र इंटरलेस्डच बनवा. ट्यूबचा टीव्ही फील्ड एकामागून एक तशीच दाखवतो, त्याला दात दिसतच नाहीत. तासाभराला ८ एमबीपीएस दिलं तरी ३.६ जीबी होतात, साध्या डिस्कवर आरामात बसतं.

व्हीएचएसवाला:
एक भर. चित्र वर-खाली सरकवायचं किंवा वरून कापायचं तर ओळी सम संख्येतच घ्या. मी एकदा एकच ओळ सरकवली आणि फील्डचा क्रम उलटला. कारण शोधण्यात दोन दिवस गेले.

अशोक चौकातली:
दादा, झालं! बॉटम फर्स्ट, बॉब, ५० फ्रेम. यात्रेतल्या लग्नविधीत संमती कट्ट्यावरच्या अक्षता पडताना वेगवेगळ्या दिसतात. आजोबा नंदीध्वज सावरताना मान किंचित डावीकडे झुकवतात, हे मला आज पहिल्यांदा दिसलं. वडील म्हणाले, ते नेहमी तसंच करायचे. सोबत चार वेळा परत बघितलं. चौथी कॅसेट आता उतरवतेय, सगळ्या एव्हीआय दोन डिस्कवर ठेवल्यात.