मदत हवी आहे: हातमोजणीच्या ऑडिटला निरीक्षक म्हणून बसलो, तर तोंड कधी उघडायचं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा आडवाटेचा आहे, त्यामुळे आधी थोडी पार्श्वभूमी. मी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात राहतो. इथे कागदी मतपत्रिकेवरचा गोल भरायचा आणि कागद मशीनमध्ये सारायचा. मोजणी मशीन करतं. निवडणूक झाली की सर्वांसमक्ष सोडत काढून काही मतदान केंद्रं निवडतात (पूर्वी दहा टक्के, आता पाच टक्के) आणि तिथल्या मतपत्रिका माणसं हाताने मोजून मशीनच्या आकड्यांशी ताडून बघतात. निवडणुकीनंतर पंधरावा दिवस उजाडेपर्यंत हे काम सुरू होत नाही. ते लोकांसाठी खुलं असावं असं कायदाच सांगतो.

गेल्या वेळी एका स्वयंसेवी गटाकडे नाव दिलं. तासाभराचं प्रशिक्षण झालं, हातात एक लांबलचक फॉर्म आला आणि एका टाऊन हॉलमध्ये जाऊन बसलो. सुरुवात छान झाली. सील लावलेल्या पिशव्या आणल्या, नंबर वाचले, दोघांनी सह्या केल्या. मग मोजणी. चार टेबलं, प्रत्येकावर दोघं, बहुतेक निवृत्त मंडळी. एक जण नाव वाचणार, दुसरा रेघा ओढणार, चार उभ्या आणि पाचवी आडवी, शाळेत करायचो तशीच.

एका टेबलावर एका उमेदवाराची मतं ३०९ आली. देखरेख करणाऱ्या बाई येऊन म्हणाल्या, "मशीनचा आकडा ३१२ आहे, पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं, ३११. "अजून एक हवंय." तिसऱ्यांदा मोजलं, ३१२. सगळे खूश, कागद बंद!

मी गप्प बसलो. बाईंचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही, जेवायची वेळ होऊन गेली होती आणि सगळे दमले होते. पण घरी येताना मनात टोचत राहिलं. ३१५ आले असते तर कुठे थांबले असते?

भारतात एकदा मतमोजणीला उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून जाळीपलीकडे बसलोय. तिथे तुम्ही कुणाचे तरी असता, आक्षेप घ्यायलाच बसवलेलं असतं. इथे मी कुणाचाच नाही. शिवाय नवा नागरिक, बोलण्याची ढब वेगळी. "हा कोण आम्हाला शिकवणार" असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं तर, ही धास्तीही आहेच, खोटं कशाला बोलू.

पुढच्या ऑडिटला पुन्हा नाव दिलंय. असं दिसलं तर तिथल्या तिथे बोलायचं, की नुसतं लिहून ठेवायचं? आणि लिहायचं तर कसं, म्हणजे ती तक्रार न वाटता नोंद वाटेल? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

गठ्ठा_पन्नासचा

मी बऱ्याच ऑडिटना बसले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तुम्ही पाहिलंत ते नेहमीचं आहे आणि तुम्हाला टोचलं ते बरोबरच टोचलं. मोजणाऱ्यांना मशीनचा आकडा आधी कळता कामा नये. उत्तर मागच्या पानावर बघून गणित सोडवलं की ते सुटतंच. ३१२ हवेत हे माहीत असलेला माणूस ३१२ आले की थांबतो, ३०९ आले की चूक शोधतो. म्हणजे चूक एकाच बाजूने शोधली जाते. तीन वेळा मोजण्यात वावगं काही नाही. "अजून एक हवंय" हे वाक्य वावगं.

बोलायचं का? मोजणाऱ्यांशी अजिबात नाही. त्यांचा वाचता वाचता एक आकडा चुकला तर खापर तुमच्यावर. पण जबाबदार व्यक्तीला, इथे म्हणजे रजिस्ट्रारला (गावाच्या निवडणुकीचं काम बघणारा अधिकारी), मधल्या सुट्टीत प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. प्रश्न, आक्षेप नव्हे. "मोजणाऱ्यांना मशीनचे आकडे सांगायची पद्धत आहे का?" एवढंच. बहुतेकदा समोरची व्यक्ती ओशाळते आणि पुढच्या टेबलापासून सांगणं बंद होतं. कनेक्टिकटमध्ये एक सोय अशी की जवळपास प्रत्येक गावात दोन रजिस्ट्रार असतात, दोन पक्षांचे. विचाराल तेव्हा दोघं एकत्र असताना विचारा. एकालाच गाठून बोललात तर दुसऱ्याला वाटतं काहीतरी शिजतंय.

नोंद करताना विशेषणं टाळा. "घाईत मोजलं" लिहू नका, "११:४० ते ११:५५, टेबल ३, एका उमेदवाराच्या मतांची तीन वेळा मोजणी: ३०९, ३११, ३१२, मशीनचा आकडा पहिल्या मोजणीनंतर मोठ्याने सांगितला" असं लिहा. उद्गार जसाच्या तसा. हेतू लिहूच नका, तो तुम्हाला दिसत नाही.

टोकदार_पेन्सिल

हे सगळं वाचून एक शंका. तीन मतांनी काय आभाळ कोसळतं? निकाल तर बदलत नाहीच. मग एवढा खटाटोप कशाला?

गठ्ठा_पन्नासचा

तीन मतांनी काहीच होत नाही, खरं आहे. पण ती तीन का, हे कळायला हवं. मतदाराने गोल भरायच्या ऐवजी त्याला वेढा घातला किंवा बाजूला बरोबरची खूण केली, तर मशीनला दिसत नाही, माणसाला दिसतं. मग हातमोजणी मशीनपेक्षा जास्त येते, आणि ते समजण्यासारखं आहे. फॉर्मवर अशा शंकास्पद मतांचा वेगळा रकाना असतो तो त्यासाठीच. धागाकर्त्याच्या टेबलावर उलटं होतं, हातमोजणी कमी आली. तेव्हा मी आधी विचारते की तो उमेदवार दोन पक्षांच्या ओळीत होता का? कनेक्टिकटमध्ये एकाच उमेदवाराचं नाव दोन ओळींत येऊ शकतं. काही जण दोन्ही गोल भरतात. ते मत एकच धरायचं, पण कुठल्या ओळीत हे ठरत नाही म्हणून तिसऱ्याच खात्यात लिहायचं. हातमोजणीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, पैजेवर सांगते.

आणि मोठी उदाहरणंही आहेत. २०२० मध्ये जॉर्जियाने राष्ट्राध्यक्षपदाची जवळपास ५० लाख मतं हाताने मोजली. त्यात फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० मतपत्रिका स्कॅनच झाल्या नव्हत्या हे उघड झालं. निकाल तोच राहिला, फरक थोडा कमी झाला. तिथे कुणी "हवा तो आकडा येईपर्यंत मोजा" म्हटलं असतं तर त्या सापडल्या असत्या का?

फाशांचा_दहावा_अंक

थोडं विषयांतर, पण धागाकर्त्याला उपयोगी पडेल. ठरावीक पाच टक्के केंद्रं मोजणं ही जुनी पद्धत. कोलोराडोने २०१७ मध्ये राज्यभर पहिल्यांदा जोखीम-मर्यादित ऑडिट केलं, म्हणजे चुकीचा निकाल तसाच निसटण्याची जोखीम ठरावीक मर्यादेत ठेवणारं. ही कल्पना बर्कली विद्यापीठाच्या फिलिप स्टार्क या संख्याशास्त्रज्ञांची. त्यात किती मतपत्रिका तपासायच्या हे विजयाच्या फरकावर ठरतं. फरक मोठा असेल तर थोड्या पुरतात, चुरशीची लढत असेल तर भरपूर. कुठल्या मतपत्रिका काढायच्या ते आधी कुणालाच कळू नये म्हणून लोकांसमोर दहा बाजूंचा फासा वीस वेळा टाकून वीस आकडी संख्या बनवतात आणि तिच्यावरून संगणक मतपत्रिका निवडतो. तिथला निरीक्षक फासे बघायला जातो, मोजणीइतकंच ते महत्त्वाचं. तुमच्याकडची सोडतही बघून या. केंद्रं कशी निवडली हे न बघता फक्त मोजणी बघणं म्हणजे अर्धंच बघणं.

भारतात २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर यंत्र छापतं ती कागदी नोंद) मोजून ताडतात. केंद्रं चिठ्ठ्या टाकूनच निवडतात, पण सभागृहात बसायला उमेदवाराचा प्रतिनिधी असावं लागतं, तुम्ही-आम्ही नुसते नागरिक म्हणून जाऊ शकत नाही. त्यामुळे धागाकर्त्याला मिळालेली खुर्ची फार हेवा वाटावा अशी आहे.

मूळ धागाकर्ता

सर्वांचे आभार. गठ्ठा_पन्नासचा, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर फॉर्म पुन्हा काढून बघितला. तो उमेदवार खरंच दोन ओळींत होता! म्हणजे तीन मतांचा फरक तिकडचाच असू शकतो, मी उगाच भलतं मनात आणलं. पण मग तिसऱ्यांदा मोजताना ते खातं सुधारलं की रेघा वाढवल्या, हे मला सांगता येत नाही, कारण तेव्हा मी कागदाकडे बघत नव्हतो, बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो. या वेळी रेघांकडे बघेन.

अजून एक. मला बसवलं होतं ते टेबलांपासून चांगलं दहा-बारा पावलं लांब. मतपत्रिकेवरचा गोल काही केल्या दिसत नव्हता. मागणी करायची तरी काय?

गठ्ठा_पन्नासचा

"मला इथून खूण दिसत नाही, थोडं पुढे बसता येईल का?" एवढंच विचारा, मोजणी सुरू व्हायच्या आधी. एकदा सुरू झाली की खुर्ची हलवणंसुद्धा लुडबूड वाटते. नाहीच म्हणाले तर "अंतर साधारण इतकं, खुणा दिसत नव्हत्या" ही नोंद करा, तीही एक माहितीच आहे. मी नाटकाला न्यायची छोटी दुर्बीण नेते. पहिल्या वेळी सगळे हसले होते. तुम्ही नेलीत तर आधी विचारून घ्या, आणि ती फक्त कागदांवरच रोखा.