नदीच्या तळाची वाहकता: मोजमाप की जुगाड?

पाणकळा: भूजलाच्या प्रवाहाचं मॉडेल करणाऱ्या मॉडफ्लो या संगणक-प्रणालीच्या रिव्हर पॅकेजमध्ये (नदीचा हिशेब करणाऱ्या भागात) नदीची पातळी आणि भूजलपातळी यांतला फरक गुणिले तळाची वाहकता (तळ किती पाणी जाऊ देतो तो आकडा), की झाला पाझर. ही वाहकता गाळाची पारगम्यता (त्यातून पाणी किती सहज झिरपतं ते), जाडी आणि पात्राची लांबी-रुंदी यांवरून काढायची. पण गाळाची जाडी मोजतो कोण? विहिरींच्या पातळ्या जुळेपर्यंत आकडा फिरवायचा आणि त्याला कॅलिब्रेशन म्हणायचं! विहिरींच्या उपशामुळे नदी किती आटेल, हे अशा मॉडेलला विचारूच नये.

गाळपेर: 'विचारूच नये' हे टोकाचं झालं. मॉडेलच्या एका सेलमध्ये, म्हणजे जाळीतल्या एका चौकोनात, शेकडो मीटर नदी बसते. दोन-चार जागी गाळ खणून मिळालेला आकडा तिथे तसाच चालत नाही. सेलची वाहकता उलट गणितानेच, म्हणजे मोजलेल्या आकड्यांवरून मागे जाऊन, काढावी लागते.

पाणकळा: काढा की, पण नुसत्या पातळ्यांवरून? उपसा नसलेल्या स्थिर मॉडेलमध्ये पुनर्भरण (जमिनीत मुरणारं पाणी), जलधराची (भूजल धरणाऱ्या थराची) पारगम्यता आणि तळाची वाहकता, तिन्ही दुप्पट करून बघा. पातळ्या जशाच्या तशा येतात, नदीकडे जाणारं पाणी मात्र दुप्पट.

गाळपेर: म्हणूनच कोरड्या दिवसांत नदीचा प्रवाह वर आणि खाली मोजून तो फरकही कॅलिब्रेशनमध्ये घालतात. जे घालत नाहीत त्यांचा दोष पद्धतीच्या माथी का?

कोरडं_पात्र: तुम्ही दोघं वाहकतेवरच अडलात. रिव्हर पॅकेज नदीत पाणी उरलंय का हे बघतच नाही! दिलेली पातळी धरून पाझरत राहतं, उपसा कितीही वाढवा. लहान नदीसाठी हे घातक आहे, तिथे प्रवाहाचा हिशेब ठेवणारं मॉडफ्लोचं एसएफआर (स्ट्रीमफ्लो-राउटिंग) पॅकेजच हवं.

गाळपेर: लहान नदीबाबत मान्य. मोठ्या बारमाही नदीला तो खटाटोप कशाला?

पाणकळा: तिथेही वाहकता स्थिर कुठे राहते? पुरात गाळ खरवडला जातो, नंतर पुन्हा बसतो. शिवाय २५ अंश सेल्सिअसच्या पाण्याची स्निग्धता (चिकटपणा) ० अंशाच्या निम्मीच, म्हणजे थंड प्रदेशात ऋतूगणिक पाझर बदलणार.

गाळपेर: बदलू दे. उपशाने नदी किती आटते हे काढणाऱ्या ग्लोव्हर आणि बाल्मर यांच्या १९५४ च्या सूत्रात तर गाळाचा थरच नाही, तरी पहिल्या अंदाजाला ते आजही वापरतात. त्यातून कळतं की विहिरीचं नदीपासूनचं अंतर दुप्पट झालं की परिणाम पोचायला चौपट वेळ लागतो. उपसा थांबवल्यावरही नदीची तूट काही काळ वाढू शकते. तुमचा गाळ मोजून होईपर्यंत विहिरींना परवानगी द्यायची की नाही, ते सांगा.

पाणकळा: द्या, पण अहवालात एकच आकडा नको. वाहकता दहापट कमी-जास्त धरून तूट कुठून कुठे जाते, तेही छापा.