शब्दचर्चा: डावपेच, व्यूहरचना आणि किल्लेकोट

पार्लेकर: मुलगी बुद्धिबळाच्या क्लासला जाते. तिथे सगळं इंग्रजीत: टॅक्टिक्स, स्ट्रॅटेजी, कॅसलिंग. घरी आजोबांबरोबर मराठीत खेळते. आजोबा पहिल्या दोन्हींना 'डावपेच'च म्हणतात. मराठीत वेगळे शब्द आहेत का? आणि एन पासांला, म्हणजे प्याद्याने प्याद्याला मारायच्या त्या खास नियमाला, काय म्हणायचं?

गिरगावकर: ताई, शब्द आहेत, पण बोलताना सरमिसळ होते. डाव आणि पेच हे दोन्ही शब्द कुस्तीतही चालतात. समोरच्याला आत्ता, या क्षणी अडकवणं हा त्यांचा गाभा. म्हणून टॅक्टिक्सला डावपेच आणि स्ट्रॅटेजीला व्यूहरचना म्हणावं, असं माझं मत. 'सामन्यासाठी डावपेच आखले' असं आपण वाचतो, तिथे बहुतेकदा व्यूहरचनाच म्हणायची असते.

पट मांडून बघा. काळ्याने आपली दोन प्यादी सी५ आणि ई५ वर (सी आणि ई या उभ्या पट्ट्यांत, पांढऱ्याकडून पाचव्या रांगेत) ढकलली आहेत. प्यादं मागे येत नाही, त्यामुळे डी५ या घरावर आता काळ्याचं कुठलंच प्यादं मारा करू शकत नाही. पांढरा तिथे घोडा आणून बसवतो. घोडा लगेच काही मारत नाही, पण त्याला प्याद्याने हुसकावताही येत नाही. ही व्यूहरचना. पुढे काळ्याचा वजीर डी८ वरून हलला, सी७ ला कुणाचाच जोर (संरक्षण) नाही आणि राजा अजून ई८ वरच आहे, की घोडा सी७ वर! राजाला शह, शिवाय ए८ च्या हत्तीवर मार. राजाला हलावंच लागतं आणि हत्ती जातो. हा झाला डावपेच.

मुलांना कोडी भरपूर सोडवायला देतात, ती हवीतच. पण कोड्यात घोडा आधीच डी५ वर बसलेला असतो. तो तिथे का आणायचा, हे कोडं शिकवत नाही. तेवढ्यासाठी तरी दोन गोष्टींना दोन नावं असायला हवीत.

कॅसलिंगला किल्लेकोट. वरच्या डावात काळ्याने वेळेवर किल्लेकोट केला असता, तर सी७ वरचा शह बसलाच नसता. राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे बसतो. दोघांपैकी कुणीही आधी हललेलं नको, मध्ये मोहरं नको. राजा शहात नको, आणि ज्या घरावरून तो जातो किंवा ज्या घरात बसतो त्यावर मारा नको. ही शेवटची अट फक्त राजाची. हत्तीवर मारा असला तरी किल्लेकोट करता येतो. क्लासमधल्या मोठ्या मुलांनाही हे पटवून द्यावं लागतं.

एन पासांला रूढ मराठी शब्द नाही, आणि त्याचं कारण नियमातच आहे. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. दोन घरं उडीच नाही, तर उडी मारून निसटणाऱ्याला धरणार कसं? आम्ही 'वाटेत मारणं' म्हणतो. आपलं प्यादं आपल्या बाजूने पाचव्या रांगेत आहे आणि शेजारच्या पट्टीतलं प्यादं दोन घरं उडी घेऊन त्याच्या बाजूला आलं, तर ते एकच घर चाललंय असं धरून मारायचं. तेही लगेचच्या खेळीत. एक खेळी गेली की हक्क गेला.

ठाणेकर: व्यूहरचना लहान मुलीला जड जाईल. 'आखणी' म्हणा, लगेच कळतं. आणि 'जोर' व 'बिनजोर' हे शब्द तिला आधी द्या. नवशिक्यांचे डाव बिनजोर मोहरी फुकट देऊनच हातचे जातात. खेळी करण्याआधी 'माझं काय बिनजोर आहे?' एवढं विचारायची सवय लागली तरी खेळ सुधारतो.

गिरगावकर: आखणी चांगला शब्द आहे, मान्य. आणखी एक: 'चाल' आणि 'खेळी' वेगळे ठेवा. घोड्याची चाल अडीच घरांची, पण घोडा डी५ वर नेला ती खेळी. आणि ताई, मुलीला आपल्या मुंबईच्या खाडिलकर भगिनींबद्दल जरूर सांगा. वासंती खाडिलकर १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या विजेत्या, आणि रोहिणी खाडिलकर १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या.

पार्लेकर: मनापासून आभार. अजून एक भांडण सोडवा. तिने परवा प्याद्याचा वजीर केला. आजोबा म्हणाले, हत्तीच्या घरात पोचलंय, हत्तीच घे.

गिरगावकर: आजोबा देशी नियमाने बोलत आहेत. त्यात प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तेच मोहरं होतं. आंतरराष्ट्रीय नियमात वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी काहीही घेता येतं, पहिला वजीर पटावर असला तरीही. देशी पद्धतीत किल्लेकोटही नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. तेव्हा डाव मांडण्याआधीच कुठल्या नियमाने खेळायचं ते दोघांनी ठरवावं. आजोबांकडून देशी डाव शिकायला मिळत असेल तर तोही तिने जरूर शिकावा.