डोकावणारे सगळेच त्रास देत नाहीत

बाहेर स्केच करताना कानात हेडफोन घालून बसा, म्हणजे मागून डोकावणारे बोलायला येत नाहीत, असा सल्ला एकाने दिला. तो मला अर्धाच पटला. 'आमचं पण काढा ना' वाल्यांपुरता ठीक आहे. पण राणीच्या बागेपाशी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळच्या दगडी हत्तीचं चित्र काढताना माझ्या कानात हेडफोन असते, तर मोठीच गंमत हुकली असती.

मागून आवाज आला, "हत्ती जोडलेला आहे हो, तुम्ही सबंध काढलाय." साठीचे गृहस्थ, हातात भाजीची पिशवी. उभा जन्म पाथरवटाचं काम केलेले. त्यांनी हवेतच बोट फिरवून एकेक सांधा दाखवला. मी अर्धा तास बघत होतो, एकही दिसला नव्हता! घरी येऊन वाचलं, तर हा घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईत आणले आणि पुढे ते जोडले. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, नुसत्या दगडावरून ओळखलं. जाता जाता म्हणाले, "सोंड जरा जाड करा." केली. चित्र बिघडलं ते बिघडलंच.